चौथ्या महिन्यात एचआयव्ही कळला, बाळंतपण माहेरी: बाळासाठी काय, कधी आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, पहिलटकरीण, १५ आठवडे झालेत. सरकारी दवाखान्यातल्या पहिल्याच रक्त तपासणीत एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात) खात्री करून एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात) पाठवलं, टीएलडीची गोळी सुरू होऊन आठवडा झाला. नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह आहे. सासर ठाण्याला, माहेर सोलापूर जिल्ह्यात, सातव्यात बाळंतपणाला तिकडे जायचं आहे. सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. बाळाला होईल का, सिझर करावंच लागेल का, दूध पाजायचं की नाही, हे तीन मुख्य प्रश्न.

ताई, आधी सरळ उत्तरं. गोळी रोज, न चुकता घेतलीत तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता फार कमी आहे. केवळ एचआयव्हीसाठी म्हणून सिझर करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. दूध पाजायचं, पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच. पण या तीन उत्तरांपेक्षा एक गोष्ट मी वर ठेवीन: ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यानचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी. बाळाला कोणतं औषध द्यायचं, किती दिवस द्यायचं, हे सगळं त्या एका रिपोर्टवर ठरतं. आणि तुमची तारीख मोजली तर तो लोड नेमका तुम्ही माहेरी पोचल्यावर येतो. तपासणी राहून जाते ती तिथेच. ठाण्याचं सेंटर समजतं सोलापूरला झाली असेल, सोलापूरच्या सेंटरला तुमचा पत्ताच नसतो.

विषाणू आईकडून बाळाकडे तीन वाटांनी जातो: पोटात असताना वारेतून, कळा आणि जन्माच्या वेळी रक्त व स्रावांशी संपर्क होऊन, आणि नंतर दुधातून. यातला सर्वांत मोठा वाटा बाळंतपणाच्या आसपासचा असतो. काहीच उपचार नाहीत आणि बाळ अंगावर पितं आहे अशा स्थितीत शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे काहीच केलं नाही तरी निम्म्याहून जास्त बाळं सुटतात. ‘पॉझिटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्हच’ हा समज मुळातच चुकीचा आहे. उपचार नीट चालू असतील तर दूध पाजूनही हा आकडा पाचाच्या खाली आणता येतो, आणि ज्या बाईचा लोड गर्भ राहण्याआधीपासून दबलेला आहे तिच्या बाबतीत जन्मापर्यंतचा धोका एक टक्क्याहूनही कमी. तुमची गोळी १४–१५ आठवड्यांना सुरू झाली आहे. टीएलडीत डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असतं, त्याने लोड झपाट्याने उतरतो, बहुतेकींचा काही आठवड्यांतच. ३२ आठवड्यांपर्यंत तुमच्या हातात चार महिने आहेत. वेळ भरपूर आहे, फक्त गोळीत खाडा नको.

गोळी आणि तिच्याशी भांडणाऱ्या गोळ्या

टीएलडी म्हणजे टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. डोल्युटेग्रॅव्हिरबद्दल इंटरनेटवर जुन्या भीतीदायक बातम्या सापडतील. २०१८ मध्ये बोत्सवानातल्या एका अभ्यासात बाळाच्या मणक्यात दोष राहण्याचं प्रमाण जरा जास्त दिसलं होतं. पुढे तिथेच हजारो बाळंतपणांची नोंद झाल्यावर तो फरक उरला नाही. आज गरोदर बाईसाठी ही पहिल्या पसंतीची गोळी आहे. त्या बातम्या वाचून गोळी बंद करणं हा खरा धोका.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती घरात, डब्यात असते. दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पोटात डोल्युटेग्रॅव्हिरला चिकटून बसतात आणि ते रक्तात शोषलं जात नाही. बाई म्हणते, मी एकही गोळी चुकवली नाही, आणि ती खरंच बोलत असते; तरी लोड उतरत नाही, कारण तिन्ही गोळ्या एकत्र, रिकाम्या पोटी, एका घोटात. नियम असा: टीएलडी ही लोह-कॅल्शियमच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर. शिवाय लोह आणि कॅल्शियमही एकमेकांपासून लांब, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं.

घड्याळात बसवायचं तर असं. रात्री झोपताना १० ला टीएलडी घेत असाल तर सकाळी नाश्त्यानंतर ८ ला कॅल्शियम, दुपारी जेवणानंतर साडेबारा-एकला लोह, ४ ला दुसरं कॅल्शियम. ४ नंतर दोन्हीपैकी काहीच नाही. गोळीने झोप उडते अशी तक्रार बऱ्याच जणींची असते. तसं झालं तर टीएलडी पहाटे ६ ला, कॅल्शियम साडेआठला, लोह दुपारी २ ला, दुसरं कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. एखाद्या दिवशी वेळा कोलमडल्याच, तर टीएलडी आणि लोह किंवा कॅल्शियम भरपेट जेवणासोबत एकत्र घेतलेलं चालतं. रिकाम्या पोटी चालत नाही. आणि हे गणित बाळंतपणाने संपत नाही, कारण लोह-कॅल्शियम पुढे आणखी सहा महिने द्यायचं असतं. जेवणातल्या दुधाने, नाचणीने, अळिवाच्या लाडवाने मात्र काही बिघडत नाही, ते खुशाल खा.

ॲसिडिटीचं पातळ औषध, ज्यात मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असतं, त्यालाही तोच २ तास–६ तासांचा नियम, आणि त्याला जेवणाची सवलतही नाही. आठव्या महिन्यात जळजळ वाढली की घरोघरी ही बाटली येते, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. गरोदरपणातली साखर निघाली आणि मेटफॉर्मिन दिलं, तर एआरटी चालू असल्याचं त्या डॉक्टरांना सांगा, कारण डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिग्रॅच्या वर नेत नाहीत. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिग्रॅची जादा गोळी १२ तासांच्या अंतराने लागते. ती एआरटी सेंटरच देतं, पण टीबीचा उपचार सुरू झाल्याचं त्यांना कळलं पाहिजे.

उलटीत गोळी पडलेली दिसली तर दुसरी घ्या. एक वेळ विसरली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. काढे, ‘एचआयव्ही मुळापासून घालवतो’ म्हणणारे वैद्य, या सगळ्यांना लांबूनच नमस्कार.

सुरुवातीच्या तपासण्या सेंटर करतंच: सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कावीळ बी आणि सी, सिफिलिस, टीबीची चार लक्षणं (खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम). त्यातलं कावीळ बीचं लक्षात ठेवा. ती निघाली तर टीएलडी दोन्ही आजारांवर काम करते, पण बाळाला जन्मल्यावर १२ तासांच्या आत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, आणि ते आयत्या वेळी तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. रिपोर्टवर एचआयव्ही-१ की २ हेही वाचा. महाराष्ट्रात-गोव्यात एचआयव्ही-२ चे रुग्ण आहेत, आणि बाळाला जे नेविरापीन देतात ते त्या विषाणूवर चालतच नाही. अशा बाळाला झिडोव्ह्युडिन द्यावं लागतं.

माहेरी जाण्याआधी

डोहाळजेवण, ओटी, मग माहेर, असा आपल्याकडचा क्रम. २८ ते ३० आठवड्यांच्या दरम्यान बाई गाव बदलते, ३२ नंतर लोड काढायचा असतो, ३७ नंतर कधीही कळा. म्हणून निघायच्या निदान तीन आठवडे आधी ठाण्याच्या सेंटरमध्ये समुपदेशकांना स्पष्ट सांगा: बाळंतपण सोलापूरकडे आहे, बदली करून द्या. बदलीचं पत्र, हिरवी पुस्तिका, आतापर्यंतचे रिपोर्ट आणि निदान महिन्याभराच्या जादा गोळ्या, एवढं घेतल्याशिवाय घर सोडू नका. माहेराजवळ लिंक एआरटी सेंटर (मुख्य सेंटरला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) असेल तर त्याचं नाव आणि वार विचारून घ्या, कारण लिंक सेंटर रोज चालू असेलच असं नाही. सोलापूरला पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवा. ‘गोळ्या अजून आहेत, संपल्या की जाईन’ या विचारात ३२ वा आठवडा निघून जातो.

नोंदणी करतानाच म्हणा, ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर लोड काढायचा आहे. रक्त दिल्यावर रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि ३६ व्या आठवड्यात दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बाळ जन्मल्यावर आला असं होऊ शकतं. म्हणून ३२ पूर्ण झाले की लगेच. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, त्या फोटोला कुलूपही लावा.

लोड १००० च्या (एक मिलीत विषाणूच्या १००० प्रती) खाली असेल तर बाळ कमी धोक्याच्या गटात. लोड दबलेला नाही, किंवा ३२ आठवड्यांनंतर लोड काढलाच नाही, किंवा आई गोळीवर नाही, किंवा आईचं निदानच बाळंतपणाच्या आसपास झालं आहे, तर बाळ जास्त धोक्याच्या गटात. यातला दुसरा मुद्दा बघा. तुमचा लोड प्रत्यक्षात शून्याजवळ असला तरी तो काढला नसेल तर बाळाला एकाऐवजी दोन औषधं आणि ६ ऐवजी १२ आठवडे घ्यावी लागतील. केवळ एक रक्त तपासणी राहिली म्हणून.

लोड १००० च्या वर आला तर घाबरून गोळी बदलायला धावू नका. आधी खाडे झाले का, लोह-कॅल्शियम एकत्र झालं का, हे शोधायचं. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. त्यानंतरही उतरत नसेल तर सेंटरचे डॉक्टर राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे केस पाठवतात.

कळा सुरू झाल्यावर

बाळंतपण दवाखान्यातच. टीएलडीची त्या दिवशीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायचीच, कळा चालू असल्या तरी, घोटभर पाण्याबरोबर. सिझरसाठी उपाशी ठेवलं असेल तरी गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, परस्पर चुकवू नका. पाकीट पिशवीत वर ठेवा. नर्सताईंना आणि डॉक्टरांना स्थिती माहीत असणं तुमच्या बाळाच्या हिताचं आहे, कारण काही गोष्टी त्यांनी टाळायच्या असतात: कारण नसताना पाणमोट फोडू नये, बाळाची वाट रुंद करायला सरसकट काप देऊ नये, चिमटा किंवा व्हॅक्यूम शक्यतो नको, बाळाच्या डोक्याला काही टोचू नये, नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलू नये. नाळ बांधायला एक ते तीन मिनिटं थांबणं मात्र चालतं, त्याने बाळाचं रक्त वाढतं आणि एचआयव्हीचा धोका वाढत नाही. दुसऱ्या टप्प्यातली औषधं, म्हणजे ॲटाझानाविर-लोपिनाविर असलेल्या गोळ्या चालू असलेल्या बाईला रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन देत नाहीत, ऑक्सिटोसिन देतात. टीएलडीवर हा प्रश्न नाही.

सिझरबद्दल. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात एचआयव्ही हे सिझरचं कारण मानलेलं नाही. बाळ आडवं आहे, कळा पुढे सरकत नाहीत अशी नेहमीची कारणं असली तरच. लोड उतरलेला नसताना ३८ आठवड्यांना ठरवून केलेलं सिझर काही देशांत करतात, त्यामागे तर्कही आहे. पण लोड दबलेला असेल तर त्याचा बाळाला जादा फायदा नाही, तुम्हाला मात्र पोटावर टाका आणि पुढच्या बाळंतपणात वाढलेली जोखीम. ‘तुमचं सिझरच करावं लागेल, तेही जास्त पैसे लागतील’ असं कुणी खाजगीत म्हणालं तर दुसरा दवाखाना बघा.

पाणमोट घरीच फुटली तर वाट बघत बसू नका, लगेच निघा. पाणी जाऊन जितके तास उलटतात तितका धोका वाढतो.

बाळाचं औषध: दीड मिली

कमी धोक्याच्या बाळाला नेविरापीनचं पातळ औषध, जन्मापासून सहा आठवडे, दिवसातून एकदा. एक मिलीमध्ये १० मिग्रॅ असतं. जन्माचं वजन अडीच किलोच्या वर असेल तर १.५ मिली, दोन ते अडीच किलो असेल तर १ मिली, दोन किलोच्या खाली असेल तर किलोमागे ०.२ मिली. पहिली मात्रा जन्मल्यावर जितक्या लवकर तितकी चांगली, ६ ते १२ तासांच्या आत. काही कारणाने उशीर झाला तर ‘आता वेळ गेली’ म्हणून सोडून देऊ नका, तसंच घेऊन या.

जास्त धोक्याच्या बाळाला नेविरापीनबरोबर झिडोव्ह्युडिनही, तेही एक मिलीत १० मिग्रॅच, पण दिवसातून दोनदा: अडीच किलोच्या वर १.५ मिली, दोन ते अडीच किलोला १ मिली, त्याखाली ०.५ मिली. अंगावर पिणाऱ्या बाळाला दोन्ही १२ आठवडे, पूर्णपणे वरच्या दुधावर असलेल्या बाळाला ६ आठवडे. सहा आठवड्यांनंतर मात्रा बदलते, नेविरापीन २ मिली होतं. ते सेंटरमध्ये बाळाचं वजन करून लिहून घ्या, घरी अंदाजाने वाढवू नका.

आता इथे काय चुकतं ते. दवाखान्यातून निघताना ‘दीड द्यायचं’ असं तोंडी सांगितलं जातं. घरी आजी किंवा मावशी औषध पाजतात, त्यांच्या हातात चमचा असतो, आणि दीड मिलीचं दीड चमचा होतं. चहाचा चमचा पाच मिलीचा. म्हणजे पाचपट मात्रा. उलटही होतं: थेंबांची नळी घेतली, दीड थेंबनळी भरली, औषध कमी पडलं. म्हणून सुई नसलेली छोटी पिचकारीच वापरायची आणि तिच्यावर १.५ च्या रेघेला कायम शाईने खूण करायची. बाटली हलवून घ्या, कारण औषध तळाशी बसतं. पिचकारी उलटी धरून बुडबुडा काढा, मग खुणेपर्यंत भरा. बाळाला जरा उभट धरा, पिचकारी गालाच्या आतल्या बाजूला, हळूहळू सोडा. घशात थेट मारलं तर ठसका लागतो. लगेच ओकून टाकलं तर पुन्हा द्या. फ्रिजची गरज नाही, पण उन्हात आणि शेगडीजवळ नको.

घरात लपवायचं म्हणून बाटलीवरचं लेबल खरवडून काढणाऱ्या बायका असतात. असं करू नका. त्याच फळीवर ड जीवनसत्त्वाचे थेंब असतात, अदलाबदल होते. कुणी विचारलं तर ‘जन्माच्या वेळी संसर्ग होऊ नये म्हणून दिलेलं औषध आहे’ असं सांगा. ते खरंच आहे.

अंगावर पुरळ, डोळे पिवळे, किंवा झिडोव्ह्युडिन चालू असताना बाळ पांढरटफटक दिसायला लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. जन्माच्या वेळच्या लसी, बीसीजी, पोलिओ, कावीळ बी, इतर बाळांसारख्याच द्यायच्या.

दूध

जन्मल्यावर पहिल्या तासात चीक पाजायचा. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, मध-सोनं उगाळून चाटवणं नाही, बाळगुटी नाही, गाईचं दूध नाही, पोट दुखतं म्हणून ओव्याचं पाणी नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं तेवढी चालतात. हे इतकं ताणून का सांगतो? बाळाच्या आतड्याचं अस्तर नाजूक असतं. वरचं काही गेलं की ते सुजतं, आणि मग दुधातून येणाऱ्या विषाणूला आत शिरायला जागा होते. थोडं अंगावरचं, थोडं वरचं, हा मिश्र प्रकार दोन्ही शुद्ध पर्यायांपेक्षा धोक्याचा असल्याचं आफ्रिकेतल्या अभ्यासांत स्पष्ट दिसलं आहे. आपल्याकडे माहेरी, सहाणेवर रोज गुटी उगाळण्याच्या प्रेमापोटी नेमकं तेच होतं. आईला एचआयव्हीचं सांगायचं नसेल तरी ‘डॉक्टरांनी सहा महिने काहीच द्यायचं नाही असं सांगितलंय’ हे वाक्य पुरतं, कारण हा सल्ला सगळ्याच बाळांना असतो.

सहा महिन्यांनंतर वरण-भाताची पेज, नाचणी सत्त्व वगैरे सुरू करा आणि दूध चालू ठेवा, निदान वर्षभर. त्यापुढे किती दिवस, हे तुमचा लोड आणि बाळाचं वजन बघून ठरवा. एकदम तोडू नका, महिनाभरात हळूहळू. दूध चालू असेपर्यंत तुमची गोळी हेच बाळाचं संरक्षण. बाळंतपणानंतर रात्रीची जागरणं, अंग दुखणं, सगळं लक्ष बाळाकडे, आणि बाईची स्वतःची गोळी मागे पडते. दुधातून लागण होते ती या दिवसांत. पाळण्याशेजारी गजर लावा, बाळाची पिचकारी आणि आईची गोळी एकाच वेळेला ठेवा.

स्तनाग्राला चिरा पडल्या, रक्त येतं आहे, किंवा एका बाजूला गाठ होऊन लाल-गरम झालं, तर त्या बाजूचं पाजू नका. पिळून टाकून द्या, म्हणजे दूध आटणार नाही, आणि दुसऱ्या बाजूचं पाजा. त्याच दिवशी दवाखान्यात. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे असतील तर दोघांवरही उपचार. चिरा पडण्याचं मूळ बहुधा बाळ नुसतं टोक धरतं यात असतं; काळा भाग जास्तीत जास्त तोंडात गेला पाहिजे.

पावडरचं दूध निवडायचं तर ते पूर्णपणे निवडावं लागतं: रोज उकळलेलं पाणी, दरवेळी उकळलेलं भांडं, सहा महिने न थांबता डबे घेण्याइतके पैसे, आणि घरच्यांच्या ‘अंगावर का पाजत नाहीस’ याला उत्तर. यातलं एकही डळमळीत असेल तर जुलाबाने बाळ जाण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा मोठा. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मुलींना तिथले डॉक्टर वेगळं सांगतात, त्याने गोंधळू नका. ब्रिटनमध्ये अजूनही पहिला सल्ला पावडरच्या दुधाचाच आहे, कारण तिथे स्वच्छ पाण्याचा प्रश्न नाही. मात्र लोड दबलेला असलेल्या आईने पाजायचं ठरवलं तर ते साथ देतात. अमेरिकेतल्या सूचनाही २०२३ मध्ये तशाच बदलल्या.

बाळाची तपासणी

जन्मल्यावर बाळाची साधी एचआयव्ही तपासणी कुणी खाजगी लॅबमध्ये केली तर ती पॉझिटिव्ह येईल, आणि तिचा अर्थ काहीही नाही. ती तपासणी प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ते घटक) बघते, आणि बाळाच्या रक्तातली प्रतिपिंडं तुमची असतात. ती पूर्ण जायला १८ महिन्यांपर्यंत लागू शकतात.

बाळाची खरी तपासणी सहाव्या आठवड्यात, पहिल्या पेंटाच्या लसीबरोबर. टाचेला टोचून कार्डावरच्या पाच गोलांत रक्ताचे थेंब घेतात, ते सुकवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे थेट विषाणूचा अंश शोधला जातो. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही ही रीत इथे आड येत नाही, कारण सव्वा महिना साधारण ३८ दिवसांत संपतो आणि सहा आठवडे ४२ व्या दिवशी पुरे होतात. तुम्ही तेव्हा माहेरी असाल, म्हणून कार्ड सोलापूरकडच्या आयसीटीसीतच द्या आणि रिपोर्ट कुठे येणार ते विचारून ठेवा. ‘ठाण्याला गेल्यावर करू’ म्हणून तो तीन महिन्यांवर जातो.

त्याच दिवशी बाळाला कोट्रिमॉक्साझोलचं पातळ औषध सुरू होतं, पाच किलोपर्यंत २.५ मिली, पुढे दहा किलोपर्यंत ५ मिली, रोज एकदा. सहा आठवड्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी ते बंद करायचं नाही, कारण दूध चालू आहे आणि शेवटचा निकाल लागलेला नाही. पुन्हा तपासणी सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात, मग दूध तोडल्यावर काही आठवडे जाऊ देऊन, आणि शेवटची १८ व्या महिन्यात. बाळ गुटगुटीत दिसतं, धावायला लागतं, म्हणून ही शेवटची चुकते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दुसरं कार्ड पाठवतात, पण त्याच्या निकालासाठी औषध थांबवत नाहीत. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी साधारण तिसरा हिस्सा पहिला वाढदिवस बघत नाही. २००८ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात लगेच औषध सुरू केलेल्या बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. इथे एकेक आठवडा मोजायचा असतो.

नवरा, सासू आणि कायदा

नवरा निगेटिव्ह आहे हे चांगलंच आहे, पण नुकतीच लागण झाली असेल तर तपासणीत दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करा, आणि तोवरच नव्हे, गरोदरपणभर निरोध वापरा. ज्यांच्या घरी उलटं आहे, नवरा पॉझिटिव्ह आणि बाई निगेटिव्ह, त्यांनी गरोदरपणाच्या शेवटी आणि दूध पाजत असतानाही तिची तपासणी पुन्हा करावी. नव्याने लागण झालेल्या बाईचा लोड प्रचंड असतो आणि बाळाला तेव्हा सर्वांत जास्त धोका.

सासूबाईंना सांगायचं की नाही हे फक्त तुमच्या हातात आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय दवाखाना ही माहिती घरच्यांना देऊ शकत नाही. जोडीदाराला कळवण्याची वेळ आली तरी त्यातून बाईला मारहाण, घराबाहेर काढणं किंवा गंभीर त्रास होण्याची शक्यता असेल तर कळवू नये, असं कायद्यात आहे. बाळंतपण नाकारणं, वेगळ्या खाटेवर पाटी लावणं हा भेदभाव आहे; वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी असायलाच हवा. अडलंच तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

तरीही व्यवहाराचं म्हणून एक सुचवतो. माहेरच्या घरात निदान एका माणसाला, बहुतेक आईला किंवा बहिणीला, विश्वासात घ्या. कळा रात्री दोनला सुरू झाल्या तर हिरवी पुस्तिका आणि गोळ्यांचं पाकीट कुणाला तरी माहीत हवं, आणि गुटीची सहाण कपाटात ठेवणारं घरात दुसरं कुणी नसतं.

बाळंतपणानंतर तांबी बसवायची असेल तर चालते, लगेचच बसवता येते. निरोध तरी सोडायचा नाही. दीड-दोन महिन्यांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या आणि ठरावीक काळाने करत राहा, कारण एचआयव्ही असलेल्या बाईला तिथल्या कर्करोगाचा धोका सहापट असतो. ठाण्याला परतताना सोलापूरच्या सेंटरमधून पुन्हा बदली-पत्र घ्या, या वेळी दोघांचं: तुमचं आणि बाळाचं.